अश्रूंच्या वाटेचा इतिहास

रडू आले की नाकही वाहते. ठसका लागला की 'नाकाडोळ्यांतून पाणी आले' असे आपण सहज म्हणतो, आणि त्यातले शरीरशास्त्र अगदी अचूक असते. नाकाकडच्या कोपऱ्यापाशी वरच्या आणि खालच्या पापणीवर टाचणीच्या टोकाएवढे एकेक छिद्र असते. तिथून जेमतेम १० मिलिमीटर लांबीच्या दोन बारीक नलिका अश्रुपिशवीत जातात आणि पिशवीतून एक नळी नाकात उतरते. ही वाट बुजली की माणूस दुःखावाचून रडत राहतो. पिशवीत पाणी साचते, पू धरतो. नाकाच्या कडेला गळू फुटते आणि कधीकधी ती जखम वाहतच राहते.

मी डॉक्टर नाही. शल्यकर्माच्या जुन्या अवजारांचा इतिहास वाचणारा माणूस आहे. या वाचनातून माझे एक मत झाले आहे. अश्रुमार्गापर्यंत पोहोचणे शल्यविशारदांना बरेच आधी जमले. अडले ते पुढे: उघडलेली वाट भरून येईपर्यंत तिच्यात ठेवायचे काय?

'अश्रुमार्ग' हा शब्द जुनाच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्रसंधीचे नऊ विकार सांगितले आहेत. त्यांतल्या स्रावांबद्दल लिहिताना, दोष अश्रुमार्गाने संधीत पोहोचतात, असे म्हटले आहे. सुश्रुताला आजची नलिका ठाऊक होती, असा दावा मी करणार नाही. पण आसवांना मार्ग असतो, ही कल्पना त्या शब्दात आहे. संधीत पू होणाऱ्या 'पूयालसा'वर तिथे रक्तमोक्षण आणि पोटीस सांगितले आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस मात्र पहिल्या शतकात हाडापर्यंत छेद घेऊन तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायला सांगतो. डागण्याची ही रीत युरोपात शतकानुशतके टिकली.

अश्रू मेंदूतून पाझरतात, हा समजही तिकडे दीर्घकाळ होता. १६६२ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश शरीररचनाकाराने अश्रुग्रंथीच्या नलिका दाखवल्या आणि अश्रूंचा उगम डोळ्यापाशीच निघाला. पुढे दॉमिनिक आनेल या फ्रेंच शल्यविशारदाने छिद्रातूनच केसासारखी बारीक चांदीची सळई आत घातली आणि छोट्या पिचकारीने वाट धुतली. १७१३ मध्ये तुरिनहून त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यावरून वाद झाले, पण चिरणे-डागणे टाळून निसर्गाच्याच दाराने आत जाता येते, हे त्याने दाखवून दिले.

पण सळई काढली की वाट पुन्हा मिटे. म्हणून अठराव्या शतकात नळीतून दोरा ओवून ठेवण्याचा प्रयोग झाला. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या द्युपुइत्रानने धातूची नळी आत बसवली; अशा नळ्या सरकत, बुजत, टोचत. १८५७ मध्ये लंडनच्या विल्यम बोमनने नलिका चिरून, क्रमाने जाड होत जाणाऱ्या सळया घालण्याची रीत मांडली. रुग्णाला ते पुन्हापुन्हा सोसावे लागे. १९०४ मध्ये इटलीच्या अद्देओ तोतीने हाडात खिडकी करून पिशवी थेट नाकात उघडली. खालची नळी कायमची बंद झालेल्यांसाठी ही शस्त्रक्रिया, सुधारलेल्या रूपात, आजही होते.

उत्तर आले ते कारखान्यातून. सिलिकॉन रबर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उद्योगात रुळले. १९५६ मध्ये अमेरिकेत जॉन होल्टर या तंत्रज्ञाने, मेंदूत पाणी साचलेल्या स्वतःच्या मुलासाठी, सिलिकॉनची झडप तयार केली. हा पदार्थ मऊ, लवचीक आणि शरीराला फारसा न खुपणारा. १९६७ मध्ये गिब्स यांनी अश्रुनलिकेत सिलिकॉनची नळी ओवण्याची सळई मांडली. १९७० मध्ये क्विकर्ट आणि ड्रायडन यांनी, १९७७ मध्ये टोरांटोच्या क्रॉफर्ड यांनी त्यात सुधारणा केली. क्रॉफर्ड यांच्या सळईचे टोक ऑलिव्हच्या फळासारखे फुगीर होते. नाकात उतरलेले हे टोक आकड्याने धरून बाहेर ओढता येई. वरच्या आणि खालच्या छिद्रांतून नळीचे एकेक टोक नाकात उतरवायचे आणि तिथे बांधायचे; डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतो तो एक बारीक पारदर्शक फास.

कुत्र्याच्या चाव्याने किंवा काचेने पापणीचा कोपरा फाटला, तर तुटलेल्या नलिकेची टोके अशाच नळीवर जुळवून शिवतात. तान्ह्या बाळांत मात्र घाई नसते. त्यांच्या नळीच्या खालच्या तोंडावरचा पडदा बहुधा वर्षाच्या आत आपोआप उघडतो. पिशवीवर बोटाने दाब देऊन चोळण्याची रीत क्रिगलर यांनी १९२३ मध्ये सांगितली. तेवढ्याने भागले नाही तर सळई, आणि तीही अपुरी पडली तर नळी.

ही नळी स्वतः काही बरे करत नाही. भोवतालचे अस्तर भरून येईपर्यंत ती फक्त जागा धरून ठेवते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी फास कापून काढून टाकली जाते. आनेलची पिचकारी वैद्यकाच्या इतिहासात त्याच्या नावाने राहिली. वापरलेली सिलिकॉनची नळी कचऱ्यात जाते, आणि तिने राखलेली वाट त्या माणसाला पुढे कधी आठवतही नाही. अवजारांचा इतिहास लिहिताना अशा वस्तू निसटतात. म्हणून ही नोंद.