किफायत आणि चार पेन्सिल सेल

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना बहुतेक जण मारिओ, टेट्रिस, पोकेमॉन अशी नावे घेतात. मला मात्र तो गणितातल्या उदाहरणासारखा दिसतो. सेल किती, तास किती आणि खर्च कोणाच्या खिशातून? नवे महागडे यंत्र दोन तासांत मान टाकते, अशी तक्रार आज ऐकू येते. ही तक्रार नवी नाही. तिचे एक उत्तम उत्तर १९८९ सालीच मिळाले होते.

ते उत्तर देणाऱ्या माणसाचे नाव गुनपेई योकोई. क्योटोत जन्मलेला हा इंजिनिअर १९६५ साली निन्टेंडोत लागला, तेव्हा ती कंपनी पत्ते बनवत होती आणि योकोईकडे पत्ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल होती. पुढे त्याने खेळणी घडवली. १९८० साली त्याच्या हातून 'गेम अँड वॉच' ही मालिका सुरू झाली. त्यातला पडदा आणि चिप कॅल्क्युलेटरच्या जातीची होती. कॅल्क्युलेटर तेव्हा घरोघरी पोहोचला होता, त्यामुळे हे भाग स्वस्त मिळत आणि छोट्याशा बटन सेलवर चालत. खेळ संपला की तेच यंत्र घड्याळ म्हणून वापरता येई.

योकोईचे एक तत्त्व प्रसिद्ध आहे. अगदी ताज्या तंत्रज्ञानामागे धावू नये. जे जुने होऊन मुरले आहे, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत आणि जे स्वस्त झाले आहे, तेच घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. लोणच्यासारखेच हे. ताज्या फोडीला रंग असतो, चव मुरल्यावर येते.

या तत्त्वाची खरी परीक्षा १९८९ साली झाली. त्या वर्षी निन्टेंडोचा 'गेम बॉय' आला आणि अमेरिकेत अटारीचा 'लिंक्स'. पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचा 'गेम गिअर' आला. लिंक्स आणि गेम गिअर यांचे पडदे रंगीत होते आणि त्यांना मागून प्रकाश होता. गेम बॉयचा पडदा हिरवट, त्यावर करड्या-हिरव्या चार छटा आणि प्रकाश अजिबात नाही. अंधारात खेळायचे तर दिव्याखाली बसावे लागे. दुकानात तिन्ही यंत्रे शेजारी ठेवली असती, तर गेम बॉयकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

आता गणित मांडू. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते साधारण १५ तास चालत. लिंक्सला सहा लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम गिअरचेही सहा सेल तीन ते पाच तासच टिकत. एखाद्या मुलाने महिन्यात ६० तास खेळायचे ठरवले, तर गेम बॉयला १६ सेल पुरतील. लिंक्सला, चार तास धरले तर, ९० लागतील. यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, सेलची मात्र पुन्हा पुन्हा. त्यात लिंक्सची मूळ किंमतही गेम बॉयच्या जवळपास दुप्पट होती. दुकानात डोळ्यांना जे सुंदर दिसे, ते महिनाभरात आईबापांच्या खिशाला टोचू लागे.

सगळी वीज पडद्यामागचा दिवा खाई. गेम गिअरमध्ये तर चक्क छोटी फ्लुरोसेंट नळी होती. योकोईने दिवाच ठेवला नाही. शिवाय काम नसेल त्या क्षणी प्रोसेसरला थांबवून ठेवण्याची सोय गेम बॉयमध्ये होती. सगळे मिळून ते यंत्र पाऊण वॅटही वीज घेत नसे. शेवटी गेम गिअर सुमारे एक कोटी विकला गेला. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जवळपास १२ कोटी. या यशात टेट्रिसचा आणि पोकेमॉनचा मोठा वाटा आहेच, पण सेल संपल्यावर टेट्रिससुद्धा खेळता येत नाही.

आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत पोहोचला. नव्वदीत आमच्या पिढीच्या हाती आला तो 'ब्रिक गेम', टेट्रिसचीच स्वस्त नक्कल. त्याचा पडदाही कॅल्क्युलेटरसारखा बिनदिव्याचा, म्हणून सेल बरेच दिवस पुरत. संपलेच तर टीव्हीच्या रिमोटमधले काढायचे, नाहीतर जुने सेल उन्हात ठेवून थोडी जान परत येते का पाहायचे. योकोईचे नावही न ऐकलेली मुले त्याच्याच हिशेबावर खेळत होती.

योकोई १९९६ साली निन्टेंडोतून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी रस्ता अपघातात गेला. त्याचा हात लागलेले शेवटचे यंत्र, बंदाई कंपनीचे 'वंडरस्वान', १९९९ साली आले. ते एकाच पेन्सिल सेलवर चालत असे.

त्यानंतर वारे फिरले. २००३ च्या 'गेम बॉय ॲडव्हान्स एसपी'मध्ये दिवा आला आणि चार्ज होणारी लिथियम बॅटरीही. सेल विकत घेण्याची कटकट संपली. पण चार्जिंग फुकट वाटू लागले, तशी यंत्रांची भूकही वाढली. २०२२ च्या 'स्टीम डेक'मध्ये ४० वॅट-तासांची बॅटरी होती आणि ती खेळानुसार दोन ते आठ तास चालेल, असे कंपनीच सांगत होती. दोन तासांत संपली तर हिशेब ताशी २० वॅट-तासांचा, म्हणजे गेम बॉयच्या सुमारे तीसपट.

माझ्या मते याहून मोठा बदल दुसराच आहे. पूर्वी काळजी तासांची होती, आता ती वर्षांची आहे. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते, कधी फुगतेही. गेम बॉयचे मागचे झाकण मूल अंगठ्याने उघडत असे. आजच्या बऱ्याच यंत्रांत बॅटरी आत डिंकाने चिकटवलेली असते. त्यामुळे पस्तीस वर्षांपूर्वीचा गेम बॉय आजही कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सेलवर सुरू होतो, आणि दहा वर्षांपूर्वीचे महागडे यंत्र कारागिराची वाट पाहत कपाटात पडते. युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला आहे. फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडून, ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. म्हणजे जे झाकण १९८९ साली होते, ते परत आणायला कायदा करावा लागला.

'किफायत' हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही. मराठीत त्याला फायद्याचा वास येतो, उर्दूत काटकसरीचा. पण त्याचे अरबी मूळ 'काफी'शी जोडलेले आहे. किफायत म्हणजे पुरेसे असणे. योकोईने कमी दिले असे आपण म्हणतो, पण त्याने दिले ते मुलाच्या दुपारला आणि बापाच्या पगाराला पुरणारे होते. मुलांसाठी यंत्र घेताना आपण दुकानदाराला विचारतो, बॅटरी किती तास चालते? त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा. ही बॅटरी उद्या मला बदलता येईल का?