एकच जीव: कल्याण-डोंबिवलीतील व्हिडिओ गेम आणि कायमच्या मरणाचा नियम

व्हिडिओ गेमच्या जगात ‘रोगलाइक’ या नावाने ओळखला जाणारा एक प्रकार गेल्या दीड दशकात पुन्हा लोकप्रिय झाला असून त्याचे दोन नियम ठरलेले आहेत: खेळणाऱ्याचे पात्र एकदा मेले की आधीच्या टप्प्यावर परतता येत नाही, सगळा डाव पहिल्यापासून मांडावा लागतो, आणि नव्या डावात वाटा, शत्रू व वस्तू यांची मांडणी संगणक नव्याने करत असल्यामुळे मागच्या डावातले पाठांतर उपयोगी पडत नाही. हे नाव ज्या खेळावरून पडले तो ‘रोग’ हा खेळ 1980च्या सुमारास कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी रचला आणि पुढे केन अर्नोल्ड यांनी त्याला हातभार लावला. त्यात चित्रे नव्हती. नायक म्हणजे ‘@’ हे चिन्ह, राक्षस म्हणजे रोमन अक्षरे, आणि अर्धवट ठेवलेला डाव पुन्हा उघडताच त्याची जतन केलेली नोंद पुसली जाई, म्हणजे मरण टाळण्यासाठी त्या नोंदीचा आडोसा घेता येत नसे. 2008 साली बर्लिनमध्ये भरलेल्या विकसकांच्या परिषदेत या प्रकाराची लक्षणे लेखी निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. त्याच वर्षी आलेल्या ‘स्पेलंकी’ने आणि 2011च्या ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ने ते दोन मूळ नियम उचलून बाकीचे बंधन सैल केले, आणि हा प्रकार विद्यापीठांच्या संगणककक्षांतून सर्वसामान्य खेळणाऱ्यांपर्यंत आला.

या परंपरेतला भयपटाच्या वळणाचा ठळक खेळ म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ हॉरर’. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या पावेल कोझमिन्स्की या पोलिश विकसकाने त्याची चित्रे मायक्रोसॉफ्ट पेंट या साध्या प्रणालीत, एक किंवा दोन बिटांच्या मोजक्या छटांत काढली. 20 फेब्रुवारी 2020 रोजी तो अपूर्णावस्थेत विक्रीला आला आणि 19 ऑक्टोबर 2023 रोजी पूर्ण झाला. 1980च्या दशकातील शिओकावा या काल्पनिक जपानी किनारी गावात खेळणाऱ्याला पाच प्रकरणांचा छडा लावायचा असतो. अंगातील त्राण संपले, भान सुटले किंवा टक्क्यांत मोजला जाणारा विनाश शंभरावर पोहोचला, की डाव तिथेच संपतो. जुनजी इतो यांची चित्रमालिका आणि एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथा या त्याच्या मुख्य प्रेरणा. त्याच्यावरील प्रतिक्रिया आरंभापासून दुभंगलेल्या राहिल्या. चित्रांची धार आणि वातावरण यांविषयी जवळपास एकमत झाले. पण पडद्यावरची दाटी, योगायोगावर टांगलेले निकाल आणि काही डावांनंतर त्याच त्या घटनांची होणारी पुनरावृत्ती यांवर अनेकांनी बोट ठेवले. एकाच कठोरपणाला कोणी शिस्त म्हटले, कोणी अन्याय.

हा मतभेद अभिरुचीचा आहे असे सहसा समजले जाते. कल्याण-डोंबिवलीसारख्या उपनगरातील व्हिडिओ गेमचा इतिहास पाहिला तर त्याला आणखी एक पैलू असल्याचे दिसते: आज जो नियम विकसक विचारपूर्वक लादतो, तो येथील एका पिढीच्या वाट्याला परिस्थितीने आला होता, आणि नियम कोणत्या वाटेने आला यावर त्याविषयीची आपुलकी वा चीड बरीचशी अवलंबून असते.

1854 साली रेल्वे पोहोचलेल्या कल्याणचा आणि शेजारच्या डोंबिवलीचा विस्तार गिरगाव-दादर-परळच्या चाळींतून स्वस्त आणि थोड्या मोठ्या जागेच्या शोधात आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी घडवला. 1983 साली येथे महानगरपालिका आली. आईवडील दोघेही सकाळच्या लोकलने मुंबई गाठणार आणि दिवेलागणीनंतर परतणार, अशा घरांत सुट्टीतली दुपार मुलांची आणि दूरचित्रवाणी संचाची असे. 1991नंतर आयात मोकळी होत गेली, तशा लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट आणि कल्याणला लागून असलेल्या उल्हासनगरच्या बाजारपेठांतून निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या धर्तीवरचे संच या घरांत शिरले. ‘मीडिया’, ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’ ही त्यांतली परिचित नावे. बोलण्यात मात्र सगळेच ‘टीव्ही गेम’ आणि त्यात खोचायची ती ‘कॅसेट’. ज्यांना विकत घेणे परवडत नसे ते व्हिडिओ लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने संच आणत.

ही कॅसेट जवळून पाहण्याजोगी वस्तू आहे. पिवळ्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या खोक्यातून साठ पट्ट्यांचे तोंड बाहेर डोकावते; पडद्यावर पट्टे उमटले की ती उपसायची, त्या पट्ट्यांवर फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची, हा विधी प्रत्येक घरात ठाऊक होता. वेष्टनावर ‘9999 इन 1’ असे छापलेले असले तरी आत खेळ थोडेच असत आणि तेच वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा येत. अवघ्या 40 किलोबाइटांचा ‘सुपर मारिओ’ त्यात सहज मावे. प्रगती जतन करणारे खेळ मात्र कॅसेटमध्ये वेगळी छोटी बॅटरी मागत, जशी निन्टेन्डोने अमेरिकेत 1987 साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’साठी बसवली होती, आणि ती बॅटरी या स्वस्त बहुखेळी कॅसेटींत नसे. परिणामी दीर्घ कथेचे खेळ येथील मुलांपर्यंत फारसे आलेच नाहीत. जे आले ते ‘काँट्रा’, ‘बॅटल सिटी’, ‘रोड फायटर’, म्हणजे एका बैठकीत जिंकायचे किंवा हरायचे.

त्यात विजेची भर पडली. मुंबई शहराला बेस्ट आणि टाटा यांसारख्या स्वतंत्र व्यवस्था वीज पुरवत असताना ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा राज्य वीज मंडळाच्या आणि 2005 साली मंडळाच्या विभाजनानंतर महावितरणच्या जाळ्यात होता. राज्यात भारनियमन तीव्र झाले तेव्हा मुंबई बव्हंशी उजळलेली राहिली आणि ठाण्याच्या पुढच्या उपनगरांत ठरल्या तासांना अंधार पडू लागला. शेवटच्या राक्षसापर्यंत पोहोचलेला डाव लाइट गेल्याने नाहीसा होणे हा येथील बालपणाचा सामायिक अनुभव आहे, आणि त्यात दोष देण्यासारखा प्रतिस्पर्धी कोणी नव्हता. मरण कायमचे होतेच, शिवाय ते खेळाच्या बाहेरून येई. पुढे इन्व्हर्टर आले तरी त्यावर पंखा आणि एक दिवा आधी, टीव्ही नंतर.

स्थानकांबाहेरच्या गल्ल्यांतील पार्लरांचा हिशेब वेगळा होता. तेथील उभ्या यंत्रांत नाणे किंवा टोकन टाकून जीव विकत घ्यावा लागे. कॅपकॉमचा 1993 सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ त्यातल्या एका पात्रामुळे येथे ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला आणि त्याच्याभोवती खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांची गर्दी अधिक असे. पालकांचा रोष मुख्यतः या पार्लरांवर होता, कारण तेथे पैसा, शाळेची वेळ आणि अनोळखी संगत या तिन्ही गोष्टी एकत्र येत. सर्वोच्च न्यायालयानेही 1995 साली एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात अशा पार्लरांवर परवान्याचे बंधन घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. पुढे 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने ‘पबजी’सह 118 ॲपवर बंदी घातली तेव्हा कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते, तरी घराघरांतून तिचे जे स्वागत झाले त्यात पार्लरविषयीच्या जुन्या धास्तीचाच सूर होता.

संगणक आला तो प्रथम शिकवणी वर्गांच्या आणि शाळांच्या खोल्यांतून. तेथील हिरव्या किंवा पिवळसर अक्षरांचे एकरंगी पडदे, फ्लॉपीवरून आलेला ‘डेंजरस डेव्ह’ आणि राजकन्येला सोडवण्यासाठी साठच मिनिटे देणारा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे सगळे ‘वर्ल्ड ऑफ हॉरर’च्या मोजक्या छटांच्या पडद्याशी नाते सांगणारे आहे. म्हणूनच जुन्या धर्तीचा खेळ कोणाचा भूतकाळ जागवतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कोझमिन्स्की यांनी जागवलेला काळ जुन्या मॅकिन्टॉश आणि जपानी संगणकांचा आहे, जो कल्याणच्या बहुतेक घरांनी कधी पाहिला नाही. तरीही संगणकवर्गात तासभर एकरंगी पडद्यासमोर बसलेल्यांना तो अनोळखी वाटत नाही, तर टीव्ही गेमच्या भडक निळ्या-लाल रंगांवर वाढलेल्यांना तो परका वाटू शकतो. सायबर कॅफेंच्या काळात तर जतन केलेला डाव असला तरी पुढच्या खेपेला तेच यंत्र मोकळे मिळेल आणि मालकाने ते पुसून कोरे केलेले नसेल, याची खात्री नसे.

या सगळ्या खेळांत भय मात्र जवळजवळ नव्हते. ते पुस्तकांत होते. 1864 साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय किंवा 1893चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांच्या जोडीला या उपनगरांत भाड्याने पुस्तके देणारी खासगी वाचनालये फोफावली, आणि लोकलच्या प्रवासात वाचून परत करण्याजोग्या पुस्तकांत नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या भय-गूढकथांना मोठी मागणी होती. लव्हक्राफ्टच्या वळणाची कल्पना, म्हणजे माणसाची दखलही न घेणाऱ्या प्राचीन, अमानवी शक्तींचे भय, मराठी वाचकाला मुख्यतः धारपांमुळे परिचित झाली. समीक्षेने या साहित्याला दीर्घकाळ रंजनाच्या खालच्या पायरीवर ठेवले, ही मराठी समीक्षेची मोठी चूक होती. धारपांच्या कथेचे बीज घेऊन आलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट 2018मध्ये जेमतेम चालला आणि 2024मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली, यावरून त्या वाचकवर्गाची खोली लक्षात यावी. धारपांच्या कथांत मात्र संकटाच्या टोकाला ‘समर्थ’ या त्यांच्या पात्रासारखा तारणहार बहुधा उभा राहतो. ‘वर्ल्ड ऑफ हॉरर’मध्ये तसा कोणी नाही, आणि मराठी भयकथेवर पोसलेल्या मनाला त्यातील नैराश्य अधिक बोचते ते यामुळेही.

प्लेस्टेशनची मेमरी कार्डे आणि नंतरचे मोबाइल खेळ यांनी डाव जतन करणे ही गृहीत धरण्याची गोष्ट केली. ज्यांची सुरुवातच तेथून झाली त्यांना एका चुकीने तासाभराचा डाव जाणे अपमानास्पद वाटले तर नवल नाही. तरीही कठोरपणाविषयीची त्यांची तक्रार टिकणारी नाही, कारण ‘वर्ल्ड ऑफ हॉरर’मध्ये मरण खेळाच्या आतून येते, त्याची कारणे डावागणिक उमगत जातात, आणि भयकथेत गमावण्यासारखे काही नसेल तर भयही उरत नाही. पुनरावृत्तीची तक्रार मात्र रास्त आहे. जो खेळ प्रत्येक डाव नवा असल्याचे वचन देतो, त्यात दहाव्या डावात तीच कात्रीवाली बाई त्याच शाळेत त्याच शब्दांत भेटत असेल, तर ते वचन ‘9999 इन 1’ कॅसेटच्या वेष्टनावरील आकड्याइतकेच पाळले गेलेले असते. आणि त्या आकड्याने एकदा फसलेली कल्याण-डोंबिवलीची पिढी ही उणीव इतर कोणाहीपेक्षा लवकर ओळखते.