मुलींचा वेगळा रकाना

१९८९ साली जागतिक आरोग्य संघटनेने गोवराच्या एका नव्या लसीची शिफारस केली आणि तीनच वर्षांत ती मागे घेतली. गोवर रोखण्यात लस कमी पडली नव्हती. प्रकरण निराळेच होते.

आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि लसीतील दुर्बल केलेल्या विषाणूला निष्प्रभ करतात. म्हणून गरीब देशांत गोवराची लस नवव्या महिन्यात दिली जाई. दाट वस्त्यांतली कितीतरी बाळे मात्र त्याआधीच गोवराने दगावत. उपाय सरळ वाटला: विषाणूंची मात्रा अनेक पटींनी वाढवावी आणि सहाव्या महिन्यातच लस टोचावी.

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये पीटर आबी १९७८पासून घरोघरच्या बालकांच्या नोंदी ठेवत होते. आबी डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ. लस टोचून निघून जाण्यापेक्षा पुन्हा पुन्हा त्याच दारी जाण्याची त्यांची रीत. त्या नोंदींत दिसले की, नेहमीच्या मात्रेची लस मिळालेल्या मुलींपेक्षा वाढीव मात्रा मिळालेल्या मुली अधिक मरत होत्या. गोवराने नव्हे, इतर आजारांनी. मुलग्यांत असा फरक नव्हता. सेनेगल आणि हैतीतील नोंदींनीही तीच दिशा दाखवली. १९९२ साली वाढीव मात्रेची लस थांबली. नेहमीची, जीव वाचवणारी लस चालूच राहिली.

मुलींची हेळसांड होते म्हणून त्या दगावल्या, हे आपल्याकडे चटकन सुचणारे उत्तर इथे लागू पडत नाही. तुलना मुलींचीच मुलींशी होती. मुलगे-मुली एकाच रकान्यात मोजले असते, तर आकडा कितीतरी सौम्य दिसला असता.

कारण काय? लवकर दिलेल्या गोवर लसीनंतर त्रिगुणी लस दिली गेली आणि हा उलटा क्रम मुलींना बाधला, असे आबी यांनी पुढे मांडले. त्यावरचा वाद मिटलेला नाही.

याच काळात अमेरिकेत औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून गर्भधारणाक्षम स्त्रियांना वगळले जात होते. १९७७ची ती सूचना १९९३मध्ये मागे घेतली गेली. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका अभ्यासात इन्फ्लुएन्झा लसीची अर्धी मात्रा घेतलेल्या स्त्रियांची प्रतिपिंडे पूर्ण मात्रा घेतलेल्या पुरुषांच्या जवळपास पोहोचलेली आढळली. ही लस आजही स्त्री-पुरुषांना एकाच मात्रेत दिली जाते.