तासाचा धडा दहा मिनिटांवर कसा आला

१५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर दुपारी पाऊण वाजता कॉलेज भरू लागलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा तासाभराचा कार्यक्रम इन्सॅट-१बी उपग्रहावरून देशभर दिसे आणि दुपारी चारला पुन्हा लागे. आयोगाच्या अध्यक्षपदी तेव्हा माधुरी शहा होत्या. त्याआधी त्या मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. कार्यक्रमाचा रोख महानगरातल्या मुलांवर नव्हता. जिथे प्रयोगशाळा नावापुरती आणि चांगला प्राध्यापक दुर्मीळ, अशा लहान गावांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तो होता. अभ्यासक्रम शिकवायचा नाही, विषयाची गोडी लावायची, असं धोरण होतं. परीक्षेला न येणारी गोष्ट भर दुपारी, तीही इंग्रजीत, कोण बघणार हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता.

उदाहरणार्थ, ठाण्याजवळचं कोलशेत. ते तेव्हा खाडीकाठचं आगरी-कोळी गाव होतं आणि कोलशेत रस्ता सँडोझ, बायर यांसारख्या रसायनांच्या कारखान्यांचा. पाळीत काम करून बी.ए., बी.कॉम. करू पाहणाऱ्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्येच पत्रव्यवहाराने शिकण्याची सोय केली होती. पण ते शिक्षण पोस्टाने येणाऱ्या नोट्सचं. त्यात ना चित्र, ना आवाज. आणि टीव्हीवरच्या कॉलेजाला त्याच्या परीक्षेशी देणंघेणं नव्हतं. दूरशिक्षण आणि दूरदर्शन ही दोन्ही दालनं एकाच घरात असूनही मधलं दार बराच काळ बंद राहिलं.

सुरुवातीला या कार्यक्रमात परदेशी फितींचा भरणा मोठा होता. देशी कार्यक्रम बनवण्यासाठी आयोगाने काही विद्यापीठांत केंद्रं काढली, त्यांत पुणे विद्यापीठाचं केंद्र अगदी पहिल्या तुकडीतलं. प्राध्यापक आणि दूरचित्रवाणीचा निर्माता अशी जोडी तिथे पहिल्यांदा एका टेबलाशी बसली, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू झाली. प्राध्यापकाला ४५ मिनिटं बोलायची सवय, निर्माता विचारणार, “तुम्ही हे बोलत असताना पडद्यावर काय दिसतंय?”

या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायची रीत म्हणजे दोन रकान्यांची संहिता. डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. डावा रकाना रिकामा राहिला की समजायचं, हे नुसतं व्याख्यान आहे. हा साधा कागद सिनेमा-टीव्हीच्या धंद्यातून शिक्षणात आला आणि पुढच्या चाळीस वर्षांत कॅमेरे, फिती, उपग्रह सगळं बदललं तरी तो टिकला.

कार्यक्रमाची लांबी मात्र शिकण्या-शिकवण्याच्या विचारातून ठरलेली नव्हती. दूरदर्शनने दिलेला एक तास, त्यात दोन-तीन विषय बसवायचे, म्हणून एकेक कार्यक्रम वीस-पंचवीस मिनिटांचा. बाहेर चित्रीकरणाला न्यायची यू-मॅटिकची छोटी कॅसेटही २० मिनिटांचीच. पुण्यातच १९८४ मध्ये शाळकरी मुलांसाठी ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. तिचेही कार्यक्रम दूरदर्शनच्या वेळापत्रकात बसतील तेवढेच. एका पिढीला ती आजही आठवते. सरकारने २०१७ मध्ये ती बंद केली. मराठीत शैक्षणिक कार्यक्रम कसे करायचे याचा इतका अनुभव एका छताखाली पुन्हा कुठे जमला असेल, असं वाटत नाही.

दार किलकिलं केलं ते नाशिकने. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. इथे शिक्षण मराठीत होतं आणि ते परीक्षेशी जोडलेलं होतं. छापील पुस्तक हा पाया, ध्वनिफीत-चित्रफीत ही जोड.

त्यानंतर इतिहासाने एक उलटी उडी घेतली. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हाती घेतलं आणि अभियांत्रिकीचे अख्खे अभ्यासक्रम चित्रित होऊ लागले. एका विषयाची सुमारे ४० व्याख्यानं, प्रत्येक जवळपास तासाभराचं. फळा, खडू, प्राध्यापक, समोर कॅमेरा. डावा रकाना पुन्हा रिकामा! तरीही ती व्याख्यानं देशभरच्या मुलांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत पाहिली, कारण ती थेट विषय शिकवत होती. ज्याला गरज आहे तो रटाळ चित्रणही सहन करतो, हे निर्मात्यांना फारसं न रुचणारं सत्य त्यातून दिसलं.

दहा मिनिटांचा आकडा आला तो तिसरीकडून. यूट्यूबने मार्च २००६ मध्ये सामान्य वापरकर्त्यांच्या व्हिडिओवर दहा मिनिटांची मर्यादा घातली; ती २०१० मध्ये पंधरा मिनिटांवर गेली. सलमान खान (आपला नव्हे, अमेरिकेतला खान अकॅडमीवाला) त्याच काळात नात्यातल्या भावंडांना गणित शिकवणारे व्हिडिओ टाकत होता, म्हणून ते त्या मापाचे झाले. लोक त्याला शिक्षणशास्त्र समजू लागले. शास्त्र मागाहून आलं. २०१४ मध्ये फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास करून सांगितलं, की व्हिडिओ कितीही लांब असो, बहुतेकांचं लक्ष फार तर सहा मिनिटं टिकतं.

पवईत मात्र दहा मिनिटांचा विचार त्याआधीच वेगळ्या अंगाने झाला होता. आयआयटी मुंबईतले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या निधीतून ‘स्पोकन ट्युटोरियल’ उभं केलं. त्यात शिक्षकाचा चेहरा नाही, फळा नाही. संगणकाचा पडदा आणि एक आवाज, बस्स. शिकवायचं मुख्यतः मोफत वापरता येणारं सॉफ्टवेअर: सायलॅब, लाटेक, लिनक्स, पायथन. एका धड्याचं माप साधारण दहा मिनिटं. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यात तेच सॉफ्टवेअर उघडायचं, आणि थांबवत-थांबवत हाताने करून पाहायचं. त्यामुळे दहा मिनिटांच्या धड्याला प्रत्यक्षात अर्धा तासही लागू शकतो.

आणि इथे तो जुना कागद पुन्हा भेटतो. डावीकडे: ‘कर्सर फाइल मेनूवर’. उजवीकडे: ‘आता फाइल मेनूवर क्लिक करा.’ एक ओळ, एक कृती. ही संहिता तयार झाली की विषय मुळीच न येणाऱ्या माणसाकडे ती जाते. त्याने ओळीबरहुकूम करत जायचं. तो जिथे अडेल ती ओळ चुकलेली, मग लिहिणारा कितीही मोठा तज्ज्ञ असो. रेकॉर्डिंग त्यानंतर. विद्यापीठीय जगात नवशिक्याच्या हाती असा नकाराधिकार क्वचितच दिला जातो, आणि या प्रकल्पातली सगळ्यात मोलाची गोष्ट बहुधा तीच असावी.

इंग्रजी धडा तयार झाला की आवाज मराठीसह २२ भारतीय भाषांत चढवायचा, पडदा मात्र इंग्रजीच ठेवायचा. पुढे नोकरीत तोच इंग्रजी पडदा समोर येणार, हा त्यामागचा हिशेब. आवाज पडद्याशी जुळावा म्हणून प्रत्येक वाक्यापुढे मिनिट-सेकंद लिहिलेले असतात. मराठी निवेदकाची खरी कसोटी इथे लागते. क्रियापद वाक्याच्या शेवटी, म्हणून ‘क्लिक करा’ तोंडातून निघेपर्यंत मेनू उघडूनही झालेला असतो. मग वाक्य तोडायचं, अलंकार छाटायचे, श्वास कुठे घ्यायचा तेही ठरवायचं.

९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारने ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम’ आणि ३२ दूरचित्रवाणी वाहिन्यांचं ‘स्वयंप्रभा’ सुरू केलं. पुण्याचं ते जुनं केंद्र आता ऑनलाइन अभ्यासक्रमही बनवतं. विद्यार्थ्याला ‘स्वयम’वरून घेता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ च्या नियमांत २० टक्के होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. जो धडा १९८४ मध्ये परीक्षेला नव्हता, तो आता गुणपत्रिकेवर आला.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर प्रत्येक प्राध्यापक निर्माता झाला. तोवर कोलशेतच्या कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहत होते, आणि जवळच बाळकूमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र होतं. अशा टॉवरातल्या मास्तरांचा स्टुडिओ म्हणजे बेडरूमचा कोपरा, पुस्तकांच्या थप्पीवर टेकवलेला मोबाइल आणि बंद केलेला पंखा, कारण पंख्याची घरघर माइक आधी पकडतो. टाळेबंदी उठल्यावर बांधकामांची ड्रिल सुरू झाली, तेव्हा रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर ढकलावं लागे. हे सगळं जमलं. जमलं नाही ते संहितेचं. बहुतेकांनी वर्गातल्या स्लाइड पडद्यावर लावल्या आणि वर्गात बोलतात तसं तास-तासभर बोलले. नवशिक्याकडून तपासून घ्यायला ना वेळ होता ना माणूस. स्लाइड इंग्रजी आणि बोलणं मराठी-इंग्रजी मिसळलेलं, ही पवईच्या प्रकल्पासारखीच विभागणी मात्र अनेकांनी कुणी न सांगता केली. व्हिडिओखाली मुलांच्या शंका येत, त्याही बऱ्याचदा नेमकं मिनिट-सेकंद लिहून: १२:४० ला जे म्हणालात सर, ते पुन्हा सांगा.