जलदूषणाचा साक्षीदार : एका निर्देशक जंतूचा इतिहास

इ. स. १८८४ च्या प्रारंभी रॉबर्ट कॉख याला कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. तळ्याकाठी साथ चालू होती. रहिवासी तेच पाणी पिण्यास व धुण्यास वापरीत. साथ ओसरू लागताच पाण्यातील जंतूही विरळ झाले. शोध मोठा खरा. परंतु पाण्यात रोगजंतू सापडावयाचा तर बहुधा माणसे आधी आजारी पडावी लागत. पाणीपुरवठा सांभाळणाऱ्यांस इतके थांबणे परवडणारे नव्हते.

वाट निघाली ती एका सामान्यतः निरुपद्रवी जंतूमुळे. थिओडोर एशरिख याने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून ‘बॅक्टेरियम कोलाय’ वेगळा केला. निरोगी माणसाच्या आतड्यातही हा विपुल असतो. तेव्हा तो पाण्यात दिसल्यास तेथे मैला मिसळला असे समजावे, ही सूचना शार्डिंगर याने १८९२ मध्ये केली. चोर हाती लागेना म्हणून साक्षीदार शोधावा, तसाच हा प्रकार. ‘कोलाय’ हे लॅटिन षष्ठीचे रूप, ‘मोठ्या आतड्याचा’ अशा अर्थाचे; म्हणजे जंतूच्या नावातच त्याचा पत्ता आहे.

हा पत्ता मात्र पुरता विश्वसनीय नव्हे. या जंतूचे काही सगोत्र मातीत व वनस्पतींवरही वाढतात. म्हणून आयकमन याने १९०४ मध्ये ४६ अंश सेल्सिअसवर शर्करा आंबविण्याची कसोटी सुचविली; आतड्याबाहेरचे सगोत्र त्या उष्णतेत सहसा तग धरीत नाहीत. याहून मूलगामी आक्षेप हिंदुस्थानातून आला. उष्णकटिबंधातील उघड्या जलाशयांच्या जंतुशास्त्रावरील आपल्या १९१२ च्या ग्रंथात क्लेमेशा याने दाखविले, की प्रखर उन्हात हे जंतू झपाट्याने मरतात, आणि सर्व प्रकार सारख्या वेगाने मरत नाहीत. अर्थात विलायतेत ठरविलेली मानके येथे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

मैला कोणाचा, माणसाचा की जनावराचा, हा प्रश्न तरीही उरलाच. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत गेल्ड्राइख प्रभृतींनी विष्ठाजन्य कोलिफॉर्म व स्ट्रेप्टोकॉकस यांचे गुणोत्तर पुढे केले : ४ हून अधिक असता मानवी, ०.७ हून कमी असता जनावरांचा. हे दोन गटही पाण्यात असमान वेगाने मरतात, या कारणास्तव ती कसोटी मागे पडली.  २००० मध्ये बर्नहार्ड व फील्ड यांनी ‘बॅक्टेरॉइडीझ’ वर्गातील जंतूंच्या जनुकखुणांवरून माणूस आणि गाय यांची विष्ठा वेगळी ओळखली. मात्र जनुकद्रव्य जंतूच्या मृत्यूनंतरही काही काळ पाण्यात राहते. मैला आज मिसळला की पूर्वी, हे ती खूण एकटी सांगू शकत नाही.