फोर डाइनेन थ्रोन ट्रेट इश हिरमिट
जर्मन संगीतरचनाकार योहान सेबास्टिआन बाख (१६८५–१७५०) याची ऑर्गनवरील प्रसिद्ध कोरल प्रिल्यूड-रचना. शीर्षकाचा अर्थ ‘मी तुझ्या सिंहासनासमोर येतो’ असा आहे. बाखने ती मृत्युशय्येवर तोंडी सांगून लिहवून घेतली, या आख्यायिकेमुळे तिला विशेष ख्याती लाभली.

लूथरपंथीय उपासनेत जमलेले भाविक जे स्तोत्र एकत्र गातात, त्यास कोरल म्हणतात. स्तोत्रगायनापूर्वी ऑर्गनवादक त्याच्या चालीवर आधारित पूर्ववादन करीत. त्यातून विकसित झालेला कोरल प्रिल्यूड हा प्रकार सतराव्या शतकात जर्मनीत बहरास आला. या वादनात शब्द नसत. तथापि ते श्रोत्यांना मुखोद्गत असल्याने चाल ऐकताच स्तोत्राचा आशय त्यांच्या मनात जागा होई.

प्रस्तुत रचनेची चाल मूळची सोळाव्या शतकातील जिनीव्हाच्या कॅल्व्हिनपंथीय स्तोत्रसंग्रहातील आहे. लूथरपंथीयांनी ती घोर संकटात ईश्वराचा धावा करणाऱ्या एका स्तोत्रासाठी स्वीकारली. व्हायमार येथील वास्तव्यात (१७०८–१७) बाखने ऑर्गेलब्यूखलाइन या संग्रहात याच चालीवर अवघ्या ९ बारांची, नाजूक अलंकरणांनी नटलेली रचना केली. पुढे तिचा ४५ बारांपर्यंत विस्तार करताना त्याने मुख्य चालीवरील बहुतेक अलंकरणे गाळली. चालीच्या चार चरणांपैकी प्रत्येकापूर्वी खालच्या तीन स्वरपंक्तींत त्याच चरणाची स्वराकृती सुलट व उलट, म्हणजे आरोहाच्या जागी अवरोह योजून, गुंफली. त्यानंतर मूळ चाल सर्वांत वरच्या स्वरपंक्तीत संथपणे प्रकटते.

१७५० च्या मार्च-एप्रिलमध्ये जॉन टेलर या इंग्रज नेत्रवैद्याने बाखच्या डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया केल्या. त्या अयशस्वी होऊन त्याची दृष्टी गेली आणि २८ जुलै रोजी लाइपसिक येथे त्याचे निधन झाले. १७५१ मध्ये द आर्ट ऑफ फ्यूग हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील अखेरचा फ्यूग अपूर्ण असल्याने भरपाई म्हणून प्रकाशकांनी ही रचना जुन्या संकटस्तोत्राच्या शीर्षकाने जोडली व अंध बाखने ती एका मित्राला उत्स्फूर्तपणे सांगितल्याचे नमूद केले. फोर्केलच्या १८०२ मधील चरित्राने हा मित्र म्हणजे बाखचा जावई आल्टनिकोल होय, असे सांगितले.

मात्र व्हायमारच्या रचनेशी असलेले निकटचे नाते पाहता ही निर्मिती उत्स्फूर्त ठरत नाही. बर्लिन येथील राज्य ग्रंथालयातील हस्तलिखितात तिची किंचित सुधारलेली प्रत दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, नव्या शीर्षकासह आढळते. ती सव्विसाव्या बारात खंडित होते. त्यावरून क्रिस्टोफ वोल्फ या संशोधकाने असे मत मांडले, की बाखने अखेरच्या दिवसांत नवी रचना सांगितली नसून हाताशी असलेल्या रचनेत सुधारणा सुचविल्या. शीर्षकातील बदल त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. दोन्ही स्तोत्रे एकाच चालीवर गायिली जात. परंतु पहिल्यात संकटातून सुटकेची याचना आहे, तर दुसऱ्यात ईश्वरासमोर उभे राहण्याची सिद्धता. स्वर बव्हंशी तेच राहूनही रचनेचा आशय पालटला, तो या शीर्षकामुळे.