फाईलच्या नावातला ऱ

अक्कलकोट हे नाव १९८१ सालच्या संगणकाला अगदी मापात बसणारे होते. त्या वर्षी आलेल्या डॉसमध्ये फाईलचे नाव आठ रोमन अक्षरांत संपवावे लागे. पुढे टिंब आणि फाईलचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे. इंग्रजी स्पेलिंगने आमचे अक्कलकोट बरोबर आठात मावते. पंढरपूरची शेवटची दोन अक्षरे मात्र दाराबाहेर राहत!

हा नियम फाईल सिस्टीमचा. ती म्हणजे डिस्कवरचे तलाठ्याचे दप्तर. कोणती फाईल कुठे आहे, केवढी आहे, तिचे नाव काय, याच्या नोंदी तिथे. डॉसच्या दप्तराचे नाव 'फॅट'. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर 'एनटीएफएस' आले. त्यात नावाला २५५ चिन्हांची जागा मिळाली आणि नोंद युनिकोडमध्ये होऊ लागली. १९९५च्या विंडोजने फॅटमध्येही लांब नावांची सोय केली. पण देवनागरीची सोय विंडोजमध्ये आली ती २००० साली. घर बांधून झाले होते, मराठीला किल्ली उशिरा मिळाली.

लिनक्सचा हिशेब निराळा. तिथल्या 'ईएक्सटी' दप्तरात मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, उर्दूला दोन, मराठीला आणि कन्नडला तीन. शिवाय प्रत्येक काना, मात्रा, वेलांटीचे वेगळे तीन. म्हणजे इंग्रजीला २५५ चिन्हे, उर्दूला १२७ आणि मराठीला अवघी ८५. याला मी अन्याय म्हणणार नाही. पण कवितेच्या पहिल्या ओळीवरून फाईलला नाव देणाऱ्याला ते जाणवते.

खरी गंमत मॅकची. १९९८ साली आलेली 'एचएफएस प्लस' ही पद्धत काही अक्षरे सुटी करून नोंदवी. फ्रेंच अक्षरांवरच्या खुणा वेगळ्या होत, तसाच 'वाऱ्यावर'मधला आपला ऱ फुटून र आणि नुक्ता असा होई. नुक्त्याने काय होते, हे उर्दू वाचणाऱ्याला सांगायला नको. डोळ्यांना नाव तेच दिसते. पण फाईल झिप करून विंडोजवर किंवा लिनक्सवर नेली, की ते दुसरेच नाव ठरू शकते. एकाच फोल्डरमध्ये दोन 'वाऱ्यावर' सुखाने नांदतात!

२०१७ साली मॅकवर आलेल्या 'एपीएफएस'मध्ये दिलेले नाव जसेच्या तसे राहते आणि दोन्ही रूपे एकच मानली जातात. जुन्या झिपमधून आलेल्या फाइलींत मात्र 'वाऱ्यावर' शोधायचे झाले, तर मी नुसते 'वा' टाइप करतो आणि पुढची यादी डोळ्यांनी चाळतो.